सत्काराचा उन्हाळा

यंदाही कडुलिंबाला मोहर आला आणि माझ्या मनातला सूड जागा झाला.

लोकांना या मोहराच्या वासानं काय काय आठवतं. कुणाला माहेरचं अंगण, कुणाला परीक्षा, कुणाला पाडव्याच्या सकाळी चावलेला तो कडू पाला. मला एक माणूस आठवतो आणि त्याला भर उन्हात बसवावं असं वाटतं. तसं मी त्याला एकदा बसवलंही आहे. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, कुणावर कधी पट्टी उगारली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, मी राग धरायला शिकले. खरं सांगते, त्या वयात एखादी नवी गोष्ट जमू लागली की बरं वाटतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. कागदोपत्री शहर. नाव लिहीत नाही, कारण गावातले निम्मे लोक माझे विद्यार्थी आणि उरलेले त्यांचे आईबाप. चुकून कुणाला वाईट वाटायला नको. ज्याला वाटायला हवं, त्याला बरोबर कळेल.

मार्च सरला की इथल्या शेतांतून उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवलेल्या असतात आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरोघरी कुलर माळ्यावरून खाली उतरतात. त्यांच्या जाळ्यांत नवा वाळा भरला की पहिल्या दिवशी घरभर ओल्या गवताचा वास सुटतो आणि माणूस उगाचच खूश होतो. गच्चीवर कुरड्या, खारोड्या. दुपारी एकनंतर रस्त्यावर माणसं दिसतच नाहीत, नुसते दुपट्टे फिरतात. डोळ्यांपुरती फट, बाकी सगळं गुंडाळलेलं. ओळख पटते ती चपलांवरून नाही तर गाडीवरून. पर्समध्ये कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात, म्हणून मीही ठेवते; त्यामुळे माझे रुमाल, चष्म्याचं घर, बसची तिकिटं, सगळ्याला मे महिनाभर कांद्याचा वास असतो. आणि मग महिन्याच्या शेवटी नवतपा लागतो. नऊ दिवस नुसती भट्टी. त्या नऊ दिवसांत आमच्याकडे लग्न काढायचं तरी लोक दहादा विचार करतात. सत्कार तर कुणी काढतच नाही.

या असल्या गावात दवाखान्याच्या फाटकासमोर एक कडुलिंब होता. दोन माणसांच्या कवेत न मावणारा. घाटंजीकडची काळीपिवळी जीप तिथे थांबायची, दिग्रसची एसटी तिथेच हात दाखवला की थांबायची. रोग्यांचे नातेवाईक डबे घेऊन तिथे बसत. खेड्यावरून आलेल्या बाया झाडाच्या बुंध्याशी लेकरं निजवत. दवाखान्यातून औषधाचा उग्र वास यायचा आणि वरून मोहर गळायचा, दोन्ही वास एकमेकांत मिसळून जायचे. जूनमध्ये लिंबोळ्यांचा सडा पडला की चपलेखाली त्या फुटत आणि पाय चिकट होत. कुणीही त्या झाडाला सुंदर म्हटलं नव्हतं, कारण ते कामात होतं.

त्या झाडाखाली सुगराबी बसायची. बांगड्यांची टोपली, एक मळकं आसन, साबणाच्या पाण्याची वाटी. माझ्या लग्नाचा चुडा तिनं भरला. पुढेही दर सणाला मी तिच्यासमोर हात धरायची. बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्या हातांना नमस्कार करायची आपल्याकडे रीत आहे. मी केला की ती दोन्ही हात कपाळाला लावून पुटपुटायची. काय पुटपुटायची, ते मी कधी विचारलं नाही.

आमचे हे गेले, त्यानंतर सहा-सात महिने मी त्या बाजूनं जायचंच टाळलं. एकदा दवाखान्यात जावंच लागलं. डोकं खाली घालून निघाले होते, तर तिनं हाक मारली. “बाई, हात काहून मोकळे?”

“तुला माहीत नाही का?” मी म्हणाले.

“मालूम हाय मले. मंग? हात तं तुमचेच हाय ना?”

आणि तिनं माझा उजवा हात ओढून घेतला. चार लोक बघत होते. दवाखान्यातली नर्स बघत होती. मी हात मागे घ्यायला हवा होता, पण घेतला नाही. तिनं बोटं दाबून पंजा लहान केला, साबण लावला आणि आसमानी रंगाच्या काचेच्या बांगड्या चढवल्या. इकडे पाच, तिकडे पाच. एप्रिल होता, वरून मोहर गळत होता, तो माझ्या पदरात पडत होता, तिच्या टोपलीत पडत होता. घरी येताना हात वाजत होते. त्या आवाजानं मला रस्त्यातच रडू आलं. ज्या सावलीत मला माझे हात परत मिळाले, त्या सावलीबद्दल मी भांडणार नाही तर कोण भांडणार?

तर पुढे एका वर्षी होळीनंतर नगरपरिषदेच्या कार्यालयाचा कागद फिरला. आपलं शहर राहण्याजोगं आणि आकर्षक करण्यासाठी नागरिकांनी सूचना द्याव्यात, प्रभागा-प्रभागांची स्पर्धा आहे, मे अखेरीस समिती पाहणीला येईल, असं त्यात होतं. आमच्या प्रभागाचा जो पुढारी आहे, त्यानं समाजमंदिरात सभा बोलावली. त्याला सगळं गाव भाऊ म्हणतं, त्याची बायको सोडून. त्याचं नाव मी लिहीत नाही. गावातल्या प्रत्येक कमानीवर, प्रत्येक बाकाच्या कडेवर ते रंगवलेलं आहे, आणखी एका ठिकाणी कशाला?

त्या सभेची आठवण आजही मला हवीशी वाटते, हे कबूल केलं पाहिजे. लोकांच्या कानामागे अजून होळीचा रंग होता. मी दोनशे पानी वही घेऊन पहिल्या रांगेत बसले आणि एकेकाचं म्हणणं लिहून घेऊ लागले. सुरुवातीला कुणी बोलेना. मग माझे शेजारी देवरावजी उठले. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे आवाज खणखणीत.

“बस थांब्यावरच्या बाकाले पाठ पायजे,” ते म्हणाले. “मानूस म्हातारा झाला म्हंजे पाठीनं बसते. खालच्या अंगानं बसाचे दिवस गेले आता.”

लोक हसले आणि मग तोंडं उघडली. मेकॅनिक सलीम म्हणाला, “गतिरोधकाले पांढरे पट्टे मारा. संध्याकायी दिसत नाई, लोक पडून राह्यले. गाड्या माह्याकडेच येते, पन मले असा धंदा नोको.” कुणी ट्यूशनच्या गल्लीत दिवा मागितला. कुणाला नाल्यावर जाळी हवी होती, कुणाला भिंतीवर वाघ. आणि मग भाजीबाजारातली सुनीता उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, जणू भांडायलाच आली होती.

“बजारात आमी सकायपासून संध्याकायपर्यंत बसतो,” ती म्हणाली. “दिवसभर पानी पीत नाई. काहून पीत नाई, ते तुमाले सांगाव लागन काय?”

पुरुष मंडळी छताच्या पंख्याकडे बघू लागली. मी वहीत लिहिलं, बायकांसाठी स्वच्छतागृह, आणि खाली दोन रेघा मारल्या.

सगळ्यात शेवटी सुगराबी. दाराजवळ बसली होती. उठली नाही, बसूनच म्हणाली, “झाडाभवती एक ओटा बांधून द्या. बाया धुयीत बसते. बाकी कायी नोको.”

त्या दिवशी मला माझं गाव फार आवडलं. आकर्षक काय करायचं, असं विचारलं होतं, तर लोकांनी टेकायला पाठ मागितली, दिवा मागितला, आडोसा मागितला. चित्रकलेच्या तासाला मी मुलांना सुंदर शहर काढायला सांगायची आणि मुलं नेहमी उंच इमारती, विमान आणि कारंजं काढायची. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांना काय सुचलं ते बघा. त्या रात्री घरी येऊन मी नकाशाच काढला. ओटा कुठे, दिवा कुठे, थांबा कुठे. कडुलिंबाला हिरवा रंग देताना पेन्सिल तीनदा टोकली.

पण त्याआधी, सभेतच, मी माझ्या हातानं घात करून ठेवला होता.

चिवड्याच्या बशा आल्या आणि चहा आला. भाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मॅडम, अक्षर तं तुमचंच. हजर लोकांच्या सह्यांचा कागद तुमीच आखा.” मी पट्टी घेऊन आखला. अनुक्रमांक, नाव, सही. “वर काय लिहू?” असं विचारलं. तो म्हणाला, “वरचं राहू द्या, ऑफिसवाले टाइप करतीन.” आणि मी वर चार बोटं जागा सोडली. शीर्षक आधी लिहा, शीर्षकाशिवाय चित्र देऊ नका, असं मुलांच्या कानीकपाळी ओरडणारी बाई मी. मीच वर कोरी जागा सोडली.

आमच्याकडे सभेची रीत अशी आहे की डाव्या हातात बशी येते आणि उजव्या हातात पेन. चहा घेतला की सही. कशावर करतोय, हे विचारणं म्हणजे ज्यानं चहा पाजला त्याच्यावर संशय घेणं. ते कुणी करत नाही. एकेचाळीस जणांनी सह्या केल्या. पहिली माझी, ठसठशीत. सुगराबीला लिहिता येत नाही, तर मीच तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला आणि एकोणिसाव्या ओळीत उमटवला. “नीट आला की नाई?” तिनं विचारलं. “छान आला,” मी म्हणाले.

पाडवा झाला, चारच दिवसांनी सकाळी मशीनचा आवाज आला. मला वाटलं कापसाच्या जिनिंगमध्ये काही चाललं असेल. मग वास आला. एरवी वाऱ्याबरोबर थोडा थोडा येतो, तो एकदम सगळाच आला. मी गेले तेव्हा झाड आडवं होतं. पांढऱ्या मोहराचा खच पडला होता, वर कावळे गोल गोल फिरत ओरडत होते. दवाखान्याच्या ज्या भिंतीवर कधी ऊन पडलं नव्हतं, ती भिंत उजेडात फार घाणेरडी दिसत होती. सुगराबी टोपली डोक्यावर घेऊनच उभी होती. खाली ठेवायला तिला जागा समजत नव्हती.

कार्यालयातला लिपिक माझाच विद्यार्थी. त्यानं खाली मान घालून फाईल पुढे केली. वर टाइप केलेलं होतं: रहदारीस अडथळा ठरणारा हा वृक्ष काढून त्या जागी सुशोभीकरण करावे, अशी आम्ही खाली सही करणारे नागरिक मागणी करतो. त्याखाली माझ्या पट्टीनं मारलेल्या सरळ रेघा. एक नंबर मी. एकोणिसावा तो छान आलेला अंगठा.

बाहेर येऊन मी सुगराबीला सांगितलं. सांगणं भाग होतं.

“मंग मीच तोडाले लावलं म्हना,” ती म्हणाली.

“नाही गं, फसवलं आपल्याला.”

“तुमी धरला होता ना अंगठा.” तिच्या बोलण्यात दोष नव्हता. ती नुसती आठवत होती. दोष असता तर मला परवडलं असतं.

चार दिवस ती त्याच जागी छत्री विटांना बांधून बसली. पाचव्या दिवशी मी हात पुढे केला, तर बांगडी इतकी तापलेली की मी हात झटकन मागे घेतला आणि बांगडी फुटली. काच तापली म्हणजे कोण भरून घेणार? दुपारच्या एसटीनं ती लेकीकडे दिग्रसला गेली. टोपली मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. मी हात हलवला, तिनं पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल.

आज त्या जागी काय आहे, ते कुणीही येऊन पाहावं. गावाच्या नावाची मोठी लाल अक्षरं आणि शेजारी एक लाल बदाम, फोटो काढण्यासाठी. दोन प्लॅस्टिकची ताडाची झाडं, रात्री हिरवी आणि जांभळी होतात. चकचकीत स्टीलचं एक बाक. मार्च ते जून त्या बाकावर चिमणीही टेकत नाही. परवा एका बाईनं त्यावर लेकराचं ओलं लंगोट वाळत घातलं होतं, पाच मिनिटांत कडक. त्या बाकाचा झालेला एवढा एकच उपयोग मी पाहिला आहे. बाकाच्या कडेवर अर्थातच नाव आहे.

त्या एप्रिलमध्ये मी किती दुष्ट विचार केले, त्याची वहीच भरली असती. कैऱ्या चिरताना विळीवर त्याचा चेहरा यायचा. कुलरमध्ये पाणी ओतताना वाटायचं, याच्या घरची वीज नेमकी दुपारी दोनला जावी. याच्या लेकीच्या लग्नात वरमाय रुसावी. नको, लेकीचं काय चुकलं? मग दुरुस्ती करायची: याच्या स्वतःच्या भाषणात दरवेळी माइक बंद पडावा. मी तक्रारी केल्या, अर्ज केले. उत्तर एकच यायचं, आपलीच सही आहे. वर्तमानपत्रवाला येऊन बदामाचा फोटो काढून गेला. रोज सकाळी देवघरात दिवा लावताना मी हात जोडायची आणि काय मागायची, ते त्या देवालाच माहीत. आणि मग एका दुपारी कपाट आवरताना डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझ्या निवृत्तीच्या समारंभातली शाल हाताला लागली. जाड, लोकरीची, बोचरी. अशी शाल आपल्याकडे प्रत्येक घरात असते. ती कुणी कधी पांघरत नाही, पुढच्या सत्काराला कामी येते. मी शाल मांडीवर घेऊन बसले. बाहेर रस्ता तापून पांढरा दिसत होता. मला सुचलं, आणि पहिल्यांदा त्या महिन्यात मला भूक लागली.

मी भाऊच्या घरी गेले. गोड बोलले. “प्रभागाचा एवढा कायापालट केलात. समिती येणार त्याच दिवशी, त्यांच्यासमोर, आपल्या सगळ्यांतर्फे तुमचा नागरी सत्कार करू.”

तो खुलला. “कायले मॅडम, एवढं काय केलं मी?” म्हणत त्यानं लगेच कॅलेंडर काढलं. समिती नवतप्याच्या चौथ्या दिवशी बारा वाजता पोचणार होती. “मांडव टाकू मंग,” तो म्हणाला.

“मांडव घातला तर तुमचं काम झाकलं जाईल ना,” मी म्हणाले. “फोटोत बदाम यायला हवा. अक्षरं यायला हवीत. आणि बाकावरचं नाव.”

नाव म्हटल्यावर त्यानं डोळे बारीक केले, त्याला ते चित्र दिसत असावं. “बरोबर हाय,” तो म्हणाला. “मांडव नोको.”

बाकीचं देवरावजींनी केलं. घरोघरी जाऊन कागद वाटला, ज्याची त्याची सूचना ज्यानं त्यानं वाचायची, घाई करायची नाही. लोक समजून चुकले. एकानंही काय, कशाला, असं विचारलं नाही. सह्या करताना न विचारणाऱ्या माणसांनी याही वेळी विचारलं नाही, एवढंच.

ती दुपार मला तपशीलवार आठवते. डांबर मऊ झालं होतं, चप्पल उचलताना आवाज व्हायचा. समितीतले तीन पाहुणे आम्ही मेडिकलच्या पत्र्याखाली, तिघांपुरत्याच सावलीत बसवले, समोर पन्ह्याचा जग ठेवला. त्यांचा काही गुन्हा नव्हता. भाऊला बाकावर बसवलं, खाली मी स्वतः लोकरीचं आसन घातलं. त्याला भाजून काढण्याएवढी मी कसाई नाही. आधी फेटा. बांधणारा सलीमचा दोस्त, त्यानं सावकाश नऊ मीटरचा फेटा बांधला. मग माझी शाल. मग देवरावजींची शाल. मग आणखी पाच शाली. त्यानं पहिली काढायला हात वर केला, तर देवरावजी माइकवरून म्हणाले, “राहू द्या भाऊ, काढू नोका, सगळ्यायसोबत एकच फोटो घेऊ शेवटी.” सत्कारमूर्ती सत्कार चालू असताना उठत नाही. पाहुण्यांसमोर तर नाहीच. आपली ही रीत किती चांगली आहे, हे मला त्या दिवशी उमगलं.

एकेक जण यायचा, हार घालायचा, नारळ मांडीवर ठेवायचा आणि वाचायचा. बाकाला पाठ. पांढरे पट्टे. गल्लीत दिवा. अठरा झाले. एकोणिसावी मी वाचली, सुगराबीच्या नावासकट. झाडाभवती ओटा. वाचून मी जराशी थांबले आणि त्याच्याकडे पाहिलं. फेट्याचा रंग घामाबरोबर कानामागून ओघळत होता. मी त्याला पन्हं दिलं, तेही तोपर्यंत कोमट झालं होतं. समोरच दवाखाना असल्यामुळे मी निर्धास्त होते.

सुनीता आली ती सगळ्यात सावकाश वाचणारी. एकेक शब्द तोडून. भाऊ म्हणाला, “सुनीताताई, जरा थोडक्यात.”

“आमी दिवसभर दम धरतो भाऊ,” ती म्हणाली. “तुमी पाच मिनिट धरा.”

पत्र्याखालच्या समितीतल्या बाईंनी पेन काढलं. त्यानंतर दोघंच जण वाचू शकले. भाऊ शालींसकट उठला, मांडीवरचे नारळ रस्त्यावर गडगडले, आणि त्यानं देवरावजींच्या हातातून माइक ओढला. आवाज चारी भोंग्यांतून निघाला. “अरे बाप्पा, बाकीचा प्रोग्राम सावलीत घ्या ना!”

देवरावजींनी आपला कंडक्टरचा आवाज लावला, त्यांना माइकची गरज नव्हती. “चला ना भाऊ. कोन्या सावलीत जाचं, ते तुमी सांगा.”

तो खरोखरच इकडे तिकडे बघत होता, ताडाकडे, बदामाकडे. मग दवाखान्याच्या फाटकातून कुणीतरी हसलं. रोग्यांचे नातेवाईक असतील, त्यांना तर रोजच तिथे उभं राहावं लागतं. मग सगळा चौक हसला. मला लाज वाटायला हवी होती. अजिबात वाटली नाही. मला गार वाटलं, नवतप्यातल्या त्या उन्हात अंगावरून पाणी घेतल्यासारखं गार. जाताना भाऊ माझ्यापाशी थांबला, ओठांवर हसू होतं, डोळ्यांत नव्हतं. “लय प्रेम केलं मॅडम तुमी,” तो म्हणाला.

“अजून पुष्कळ शिल्लक आहे भाऊ,” मी म्हणाले.

प्रभागाला बक्षीस मिळालं नाही, ते शेजारच्या प्रभागाला गेलं. त्या समितीतल्या बाईंमुळे बाजारात बायकांचं स्वच्छतागृह मात्र झालं. त्याला कुलूप असतं आणि किल्ली भाऊच्या माणसाकडे असते. सुनीता अजून दिवसभर पाणी पीत नाही. थांब्यावरच्या बाकाला पाठ आली नाही, गल्लीत दिवा आला, तो दुसऱ्या महिन्यात गेला. भाऊ आहे तसा आहे. मला पाहिलं की लांबून हात जोडतो, मीही जोडते. आम्हा दोघांकडे बघून नवख्या माणसाला वाटेल, काय जिव्हाळा आहे.

नवतपा संपला त्या दिवशी मी पिशवीभर आंबे घेऊन दिग्रसला गेले होते. सुगराबीला सगळं सांगायचं होतं. खरं तर त्या सत्कारानंतर मी त्याचसाठी दिवस मोजत होते. लेकीच्या घराच्या ओसरीत, पत्र्याखाली ती बसलेली. टोपली कोपऱ्यात, वर कापड झाकलेलं. मी पहिल्यापासून सांगितलं, फेटा, शाली, ओघळणारा रंग. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं लेकीला आतून बोलावलं आणि मला सुनीताचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा हसली. पदरानं डोळे पुसले. माझा हात हातात घेऊन बांगड्या मोजल्यागत फिरवल्या, एक तडकलेली होती, ती अलगद काढून टाकली.

“मस्त केलं बाई,” ती म्हणाली. “बरं झालं त्याले समजलं. मंग आता मी कुठी बसू?”

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला वाटलं होतं की मी एवढं सगळं करून आले, तर त्यात हेही कुठेतरी ठरलं असेल. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काही सांगेन म्हणून. लेक आंबे चिरत होती, तिचाही हात थांबला. माझ्याजवळ एका माणसाचा घाम होता, चौकाचं हसणं होतं, आणि तिला बसायला वीतभर जागा नव्हती.

परतीच्या एसटीत खिडकीतून झळा येत होत्या. मला वाटलं होतं, त्या सत्काराच्या दुपारी माझा राग पुरता भागला. तो कुठेच गेला नव्हता. मोहर येतो तेव्हा तो येतो, आणि मी त्याला घरात घेते, कारण तो गेला तर सुगराबीला कुठे बसवायचं, हे विचारणारं गावात कुणी उरणार नाही. लोक म्हणतात, मॅडम, आता सोडून द्या, किती दिवस झाले. मी सोडणार नाही.